तोंड बंद ठेवून पळणारी

आमच्या करडी गावात पळणं म्हणजे पोलीस भरती. दुसरं कारण कोणाला ठाऊकच नाही. पहाटे रस्त्यावर कोणी पळताना दिसलं की शेतावर निघालेला माणूस विचारणारच, "भरती निघाली का?" मीही भरतीसाठीच सुरू केलं. पुढे वय निघून गेलं, नोकरी हुकली ती हुकलीच, पण पळणं सुटलं नाही. ग्राउंडवर सगळ्यांच्या पुढे मी, एवढी एकच गोष्ट माझी स्वतःची होती.

ग्राउंडवर आम्हांला एकच शिस्त: तोंड बंद. शिट्टी झाली की जीव खाऊन सुटायचं, पहिल्याच फेरीत पुढे घ्यायचं, रेष ओलांडून आडवं पडायचं. बोललीस की दम गेला. नव्या पोरींना मीही हेच शिकवत होते, तेही ओरडून.

भंडाऱ्याच्या हाफ मॅरेथॉनला नाव दिलं तेव्हा म्हणूनच मला जराही धाकधूक नव्हती. एकवीस किलोमीटर म्हणजे आपलंच पळणं, जरा लांब. शिट्टी झाली आणि मी सुटले. मागे वळून पाहिलं तर बाकीच्या बायका कुठल्या कुठे राहिल्या होत्या. मला हसूच आलं.

अर्धी वाटही झाली नव्हती आणि माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले! कुठे मुरगळलं नव्हतं, कुठे लागलं नव्हतं. मी चल म्हणत होते आणि ते जागचे हलत नव्हते. असं कसं होईल? डिव्हायडरवर बसून मी मांडीवर बुक्की मारली. मांडी माझी वाटेचना.

तेवढ्यात त्या मागे राहिलेल्या बायका आल्या. माझ्या आईच्या वयाच्या दोघी अगदी जवळून गेल्या, आणि त्या बोलत होत्या. पळता पळता! तर्री पोहे कुठले चांगले, यावर त्यांचा वाद चालला होता. मी आ वासून बघत राहिले. शर्यतीत कोणी गप्पा मारतं? आणि गप्पा मारत मारत मला मागे टाकतं? शेवटी शर्यतीच्या मागून येणाऱ्या गाडीत बसवून मला आणलं.

घरी मी एक शब्द काढला नाही. ग्राउंडकडेही फिरकले नाही. आपण पळणारी आहोत हेच खोटं निघालं, तर तिथे जाऊन उभं तरी कुठे राहायचं? त्या दोघी मात्र डोक्यातून जाईनात. एके सकाळी चिडूनच मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, सायकल घेऊन चाला माझ्यासंगं. मले बोलत बोलत पळून पाहाचं आहे."

वहिनी आसगावची. बोलण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही. तिने लगेच विचारलं, "मंग सांग, भंडाऱ्याले काय झालं?"

दोन वाक्यांत माझा दम संपला.

"हळू पळ ना वो बाई! मांगं बैल लागला का?"

हळू म्हणजे किती हळू! ओळखीच्या एका काकांनी सायकल थांबवून विचारलं, तब्येत बरी नाही का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वहिनी रोज सकाळी सायकल काढून दारात उभी. मी पळता पळता शर्यतीच्या शिट्टीपासून गोष्ट सांगायला सुरुवात करायची, दम लागला की गप्प. शेतातले पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, उठले, मळणी झाली, आणि माझी गोष्ट रोज थोडी पुढे सरकत गेली.

एक दिवस ती गोष्ट डिव्हायडरपर्यंत पोचली. मांडीवरची बुक्की सांगितली, पोह्यांचा वाद सांगितला. रडू आलं तरी मी बोलतच होते. "वहिनी, मले वाटलं का मी पळणारी नोहोच. मंग एवढे वर्षं मी काय केलं वो?"

वहिनीला कधी नव्हे ते बोलायला दम पुरत नव्हता. मग धापा टाकत म्हणाली, "थांब माय. माह्या पायात गोळे आले. कोठी आणलं तू मले?"

मी मान वर करून पाहिलं आणि हबकले. हे गाव मी आजवर फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं.

वहिनी सायकल टाकून रस्त्याच्या कडेला बसली. मी तिच्याजवळ उभी राहिले. माझे पाय थांबले नव्हते. तिच्यासाठी मी ते थांबवले होते.