तेलात शिरलेलं पाणी

भोकरवाडी गावातल्या कुणालाही विचारा, धरणावरची बोट कोंडूशिवाय कुणी नीट चालवली नाही. गावावरच्या डोंगरातल्या ठाकरवाडीचा हा माणूस शाळेत फारसा गेला नाही, पण तरुणपणी ग्रामपंचायतीची बोट आली तेव्हा तिच्यावर लागला आणि तिचाच होऊन गेला. वाडीच्या बाया करवंदं, जांभळं घेऊन त्याच बोटीनं पलीकडं उतरायच्या, तिथून टाकव्याच्या बाजाराला जायच्या.

मग वाडीपर्यंत कच्चा रस्ता झाला, जीप यायला लागली आणि बोट बंद पडली. ती ठेवायची कुठं? डोंगराच्या सोंडेपलीकडं, काठालाच सोपानचं रान होतं आणि रानात मोठी पत्र्याची शेड. सोपान गावातला मोठा शेतकरी, कोंडूपेक्षा थोडा लहान. दोघांनी लहानपणापासून एकत्र मासे धरलेले. कोंडूनं इंजिनातलं पेट्रोल काढलं. पाण्यात राहणारा खालचा भाग, ज्यात गिअर असतात आणि ज्याला मागं पंखा असतो, त्याला तो ‘पाय’ म्हणायचा. त्या पायातलं जुनं तेल काढून नवं भरलं, पंख्याला ग्रीस लावलं आणि शेडची किल्ली सोपानच्या हातात दिली.

“अधनंमधनं हातानं पंखा फिरवीत जा,” तो म्हणाला. “न्हाईतर गंजून धरून बसंल.”

“तुमची बोट ती माझी बोट, कोंडूभाऊ.”

कोंडूला मोलमजुरी करून पोट भरायचं होतं. तो निर्धास्त झाला.

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसात, त्याच्या बायकोच्या, भागूबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. चिखलात जीप वर येईना. कोंडू पळत सोपानच्या घरी गेला. “बोट काढू, सोपाना. पलीकडं टाकव्याच्या दवाखान्यात नेऊ.”

“मशीन गंजून धरलंय, भाऊ. फिरतच न्हाई. येळ घालवू नका, डोली बांधा. मी येतो खांदा द्यायला.”

आणि तो आला. घरंदाज शेतकऱ्यानं ठाकराच्या बाईच्या डोलीला खांदा दिला, हे वाडीनं पाहिलं. डोंगराची वाट पावसानं निसरडी झाली होती. टाकव्याचा रस्ता दिसायच्या आधीच भागूबाईनं मान टाकली. सोपान तिथंच चिखलात बसून रडला. त्यानंतर कोंडूच्या रानात पहिलं कणीस आलं की ते सोपानच्या घरी जायचं. “भाऊ असता तरी एवढं केलं नसतं,” असं तो लेकीला, रूपाला, नेहमी सांगायचा.

यंदाच्या श्रावणात दरड कोसळली आणि वाडीचा रस्ताच तुटला. ग्रामपंचायतीनं ठरवलं, बोट पुन्हा सुरू करायची. सोपान म्हणाला, “ती जुनी आता कशाला? दुसरी मागवा.” पण दुसरी कुठून येणार? कोंडू हत्यारं घेऊन शेडवर गेला. सोपाननं दार उघडलं आणि तो बाजूला उभा राहिला.

कोंडूनं पायाच्या तळाचा स्क्रू सोडला. खाली मधासारखं तेल यायला हवं होतं. आलं ते दुधाळ, चहासारखं. तेलात पाणी शिरलं होतं. पाणी अडवणारं रबरी सील वाळलं असंल, असं आधी वाटलं. त्यानं पंखा काढला. आतल्या दांड्याला मासेमारीची नायलॉन दोरी करकचून गुंडाळली होती, तिनंच सील कापलं होतं. दोरीत गुलाबी प्लॅस्टिकची पट्टी अडकली होती. काठावर तंबू टाकून राहायला येणाऱ्या पर्यटकांच्या मनगटाला बांधतात, तसली.

कोंडूनं ती पट्टी उजेडात धरली. तंबूवाले धरणावर आले ते बोट शेडमध्ये गेल्यानंतर. बंद शेडमध्ये पंख्याला दोरी कोण गुंडाळणार?

“बोट पाण्यात जात व्हती,” तो म्हणाला.

सोपान दाराकडं सरकला.

“किती दिस?”

“तंबूवाले आले तवापासनं. शनवार-रयवार. लोकांस्नी फिरवायला.” त्याचा आवाज खाली गेला. “यंदा मशीन बंद पडलं, तवा पुन्हा आत आणून ठिवली.”

कोंडूला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी तोंडातून गेलंच. “भागूला नेली, त्या दिशी बोट कुठं व्हती?”

“तंबूंच्या काठाला बांधल्याली व्हती.”

“चालू?”

“व्हय.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. सोपान घाईघाईनं बोलत सुटला, “मला वाटलं, आपुन पोचू. खरं सांगितलं असतं तर गावानं बोट काढून घेतली असती. पोचू असंच वाटलं, भाऊ. म्हणून तर खांदा दिला.”

“तू खांदा दिलास,” कोंडू म्हणाला, “आन् मी दोन वर्सं तुला देवावानी मानलं. मारलं असतंस तर बरं व्हतं रं.”

“भाऊ…”

“किल्ली दे. आन् भाऊ म्हनू नगंस.”

वाडीतले लोक धान्यावाचून अडले होते. कोंडूनं दोरी कापून काढली, तळेगावाहून नवं सील आणलं, गिअर धुतले, पाणी ओढणाऱ्या पंपाचं फाटलेलं रबर बदललं, तेल भरलं.  एक स्क्रू दोनदा वाकडा बसला. इंजिन सुरू झालं तेव्हा काठावर जमलेले लोक ओरडले. कोंडूनं इंजिन बंद केलं आणि सगळ्यांसमोर, सोपान उभा असतानाच, घडलं ते सांगितलं. आवाज चढवला नाही.

बाया सोपानकडं बघत राहिल्या. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. सोपान खाली मान घालून रानाकडं निघून गेला.

रूपा घरी आल्यावर बापावर चिडली. “एवढंच? पोलिसात जायचं आपण.”

“जाऊ. तू म्हनशील तवा जाऊ.”

“आणि आईच्या वर्षश्राद्धाला त्याला पहिल्या पंगतीला बसवलंत!”

 एखाद्यानं पायऱ्यांमागून पायऱ्या चढून चुकीच्या देवाला नारळ फोडावा, तसं कोंडूचं झालं होतं. सोपानसोबत धरलेले मासे, पोहणं, हसणं, त्यातलं कुठवर खरं धरायचं हेही त्याला कळेना.

आता तो रोज बोट चालवतो. शेडची गरज राहिली नाही. रात्री बोट वाडीच्या काठाला, उंबराला बांधलेली असते. एकदा सोपान पलीकडच्या काठाला येऊन उभा राहिला. कोंडूनं त्याला बसू दिलं. उतरताना बोट बांधायची दोरी धरायला सोपाननं हात पुढं केला, पण कोंडूनं ती त्याच्या हातात दिली नाही.