टबातली धमनी
पंक्चरच्या सोलुशनचा वास आला की मला वलवणच्या आमच्या घरातला पाण्याचा टब आठवतो. दर ठोक्याला धमनीची भिंत किती ताणली जाते, ते सोनोग्राफीने मोजायची माझी पद्धत बरोबर आहे का, हे तपासायचं होतं. म्हणून धमनीऐवजी एक रबरी नळी टबात ठेवून मी पंपाने तिच्यात ठोके सोडत होते. नळीवर शाईचे दोन ठिपके काढले होते. त्यांच्यातलं अंतर किती वाढतं ते कॅमेरा टिपायचा, आणि सोनोग्राफीचा आकडा त्याच्याशी जुळायला हवा होता. तो दुप्पट येत होता, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या पीएचडीच्या सरांना सगळं दाखवायचं होतं. त्यात नळी गळायला लागली, म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांना बोलावलं. त्यांनी ठिगळ लावलं, त्यावर फुंकर घातली आणि उकिडवे बसून टबाकडे बघत राहिले. "मशीन म्हणतंय ताण खूप आहे," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. चाचांनी ठिपक्यांकडे बोट केलं. "ठिपकं जरासंच फाकत्यात, पर दोनी संगं वर उडत्यात. टूब जाग्यावरनं सरकतिया, ताई. तिला ताण थोडाच हाय, तुमालाच लय आलाय!" म्हणजे नळीचं ते सरकणंही मशीन ताणातच मोजत होतं. मग जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी त्यांनी नळी दोन्हीकडून घट्ट बांधली, आणि आकडा खाली येऊन कॅमेऱ्याशी जुळला. मी इतकी हसत राहिले की चाचांसाठी गॅसवर ठेवलेला चहा उतू गेला. आता विद्यार्थ्यांचे आकडे जुळेनात की मी आधी विचारते, "ताण नक्की कुणाला आलाय?" दोन-तीन हात हमखास वर होतात.