रापणीच्या दोरीला लावलेला हात

मित्रांनो, साठच्या दशकात आमच्या कवितेच्या तासाला शाळेच्या खिडकीतून रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं ओढणाऱ्यांची हाळी यायची. सुट्टीवर आलेल्या आमच्या शेजारच्या फौजी दाजींचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर.

आज दाजींना आंघोळीलाही माणूस लागतो. त्यासाठी मी सरकारी मदतीचा अर्ज भरला होता. उमेद टिकावी म्हणून रोज त्यांना धरून किनाऱ्यावर नेतो. रापणीच्या दोरीला नुसता हात लावला, तरी माशांचा वाटा मिळतो.

सकाळी तपासणीचे साहेब तिथेच आले. "हे तर जाळं ओढतात! यांना मदतनीस कशाला?" अर्ज नामंजूर.

म्हणजे माणूस अंथरुणाला खिळल्यावरच मदत? तुम्हीच सांगा.

हे लिहितोय तोच दारात दाजी! कुंपणं धरत एकटेच आलेले, हातात दोन बांगडे.

"भाई, घे माझो शेवटचो वाटो. सायबाक सांग, उद्यापासून खाटेरच पडान रवतंय."