हवालदारांचं पान

"उजवा हात पुढे करा," तीर्थ वाटता वाटता मी सवयीने म्हणालो आणि मान वर केली, तर समोर सदऱ्याची रिकामी बाही! आमच्याच घरची सत्यनारायणाची पूजा, घर माणसांनी भरलेलं, आणि यजमान मी हा असा वेंधळा.

"तो बसऱ्याला राहिला, अण्णा," हवालदार म्हणाले. "तार करून मागवू काय?" आणि चिमणीच्या पिलासारखा आ करून उभे राहिले. मी वरूनच पळीभर तीर्थ ओतलं. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी.

हवालदार आमच्याच आळीतले, भावकीतले. महायुद्धात हात गेला, तेव्हापासून घर पेन्शनीवर. काहीही विचारा, उत्तर एकच: "जमतं की!"

पुढे अशा जायबंदी शिपायांची तपासणी निघाली. ज्याला रोजची कामं आपली आपण करता येतात, त्याची पेन्शन कमी व्हायची. आमच्या आळीची चौकशी माझ्याकडे आली. कचेरीत माझ्याइतका रिकामा कारकून दुसरा नव्हता.

तुम्ही हवालदारांना त्या दिवशी पाहायला हवं होतं. मला ओटीवर बसवून त्यांनी कवायतच मांडली. रहाटाचा दोर पायाखाली दाबत दाबत घागर वर काढली. धोतराचं टोक दातांत धरून गाठ मारली. वर माझ्यासाठी शहाळं फोडलं.

दाराआडून त्यांची बायको म्हणाली, "अहो, तपासायला आलेत ते. जरा कण्हा तरी!"

"घरी आलेल्या माणसापुढे कण्हू काय?"

"आणि जेवण?" मी विचारलं.

हवालदार थांबले. माझ्याकडे पाहिलं. "जमतं की."

'अडचण नाही,' मी लिहिलं. शहाळं गोड होतं.

पेन्शन निम्मी झाली. हवालदार मुंबईला कुठल्याशा गोदामावर पहारेकरी म्हणून निघाले. मी धक्क्यावर पोचवायला गेलो.

"तिथे एकट्याने कसं व्हायचं?"

"जमेल की."

उतारूंना घेऊन पडाव मोठ्या बोटीकडे निघाला. हातात वळकटी, त्यामुळे निरोपाला हात हलवता येईना. त्यांनी नुसती मान हलवली.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "माझा काय दोष? जेवायलाही अडचण नाही म्हणाले, तेच लिहिलं."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अडचण नव्हती, तर पूजेला त्यांचं पान पडवीत एकटं का मांडायला लावलंत मला? डाव्या हाताने जेवणारा पंगतीत नको, म्हणालात ना?"