अंजनाच्या माहेरचा प्रोग्राम

कृष्णात कंपनीतून सुटला की हल्ली बोलत नसे. सातारच्या एमआयडीसीत दिवसभर प्रेस मशीनपुढे उभा राहून माणूस इतका शिणतो, की चहा हवा का, या प्रश्नालाही मानेनेच उत्तर देतो. हाच गडी एकेकाळी ‘सूरतरंग’ नावाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा, असं त्याच्या बायकोने, अंजनाने, शेजाऱ्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

बँड कसला, पाच पोरं आणि एक टेम्पो. जत्रा, लग्नं, गणपती. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत गाव म्हणून सोडलं नाही. गावागणिक रश्श्याची चव वेगळी, स्टेज मात्र सगळीकडे सारखंच डुगडुगणारं. वीरधवल गायचा. घाटावर धुणं धुणाऱ्या पोरीवर त्यांनी स्वतःच एक गाणं रचलं, सांगलीला जाऊन रेकॉर्ड केलं, आणि तो अख्खा उन्हाळा ते गावोगाव सीटा भरत फिरणाऱ्या वडापच्या जीपमधून वाजत राहिलं. गाणारा दम घ्यायला थांबतो आणि कीबोर्ड एकटा वाजतो, तो मधला पीस कृष्णातचा. तिथं हमखास शिट्ट्या पडायच्या.

मग डीजे आले आणि पाच जणांना कोण विचारतो? वीरधवलने शहाण्यासारखा साउंडचा धंदा टाकला. कृष्णात कंपनीत चिकटला, आणि मशीनने त्याच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट चेचलं. बोट राहिलं, पण पुन्हा धड वाकलं नाही.

या सगळ्यात अंजनाने नवऱ्याला स्टेजवर वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. त्याच्या प्रोग्रामच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी असायची. आणि एवढी गावं झाली, पण तिच्या माहेराने, कुंडलने, त्याला एकदाही बोलावलं नाही. भावजया भेटल्या की टोमणा ठरलेला, “दाजी वाजिवत्यात म्हनं. आमी तर न्हाई बा ऐकलं.” तिला ते फार लागायचं.

म्हणून यंदा वीरधवलचा फोन आला, “कृष्णात, कुंडलला मंडळाचा प्रोग्राम हाय, जुनी पोरं उभी करायची हायत,” तेव्हा अंगात त्राण नसतानाही तो हो म्हणाला. माळ्यावरचा कीबोर्ड खाली आला. महिनाभर कंपनीतून आल्यावर तो गाण्याचा तोच मधला पीस घोटत बसला. एका जागी बोट उशिरा पडायचंच. तो चिडायचा, कपाळावर हात मारायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. अंजना समोर तांदूळ निवडत असायची.

कुंडलला दिवेलागणीला तो स्टेजवर चढला आणि त्याने कीबोर्ड स्पीकरला जोडायला वायर मागितली.

“वायर कशाला?” वीरधवल हसला. “समदं लॅपटॉपवर हाय. आपलंच जुनं रेकॉर्डिंग. तू नुसते हात हलव, गड्या.”

“आरं, मी म्हैनाभर…”

“आता खरं कोन वाजिवतंय रं? मंडळाला चुकाचुकी नको हाय.”

खाली पहिल्या रांगेत अंजना नवी साडी नेसून बसलेली, दोन्ही बाजूंना भावजया. गावचा जावई स्टेजवरून उतरून गेला, तर तिने तोंड कुठं लपवायचं? तो उभा राहिला. मधला पीस आला, स्वच्छ, धावता, धड बोटांच्या काळातला. त्यावर कृष्णात हात हलवत राहिला. शिट्ट्या पडल्या. वरून मेव्हण्याने स्टेजवर येऊन जावयाला टॉवेल-टोपीचा आहेर केला, आणि तो त्याला वाकून घ्यावा लागला. कंपनीतल्या कुठल्याही पाळीने दमला नव्हता इतका तो तेव्हा दमला. लाजेने दमला.

दुसऱ्या दिवशी सातारच्या बसमध्ये अंजना पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. कराड मागे पडलं तेव्हा त्याने विचारलं, “झाला का बरा प्रोग्राम?”

“झाला की. भावजयांची तोंडं बंद झाली.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “आवं, तुमचं बोट न्हाई अडकलं तिथं.”

त्याने उजवा हात खिशात घातला.

“रोज अडकतंय. तांदूळ निवडताना माजाबी हात तिथं थांबतोय. काल मी थांबले, गानं न्हाई थांबलं.”

“वायरच लावली न्हवती,” कृष्णात म्हणाला.

“कळलं मला.” ती बाहेर ऊस बघत राहिली. “घरी गेल्यावर वाजवा एकदा.”

“दमलोय गं.”

“मंग दमून वाजवा. मला ते अडकनारंच ऐकायचं हुतं.”

कृष्णात बराच वेळ ते बोट चोळत बसला. या खेपेला त्याने नुसती मान हलवली नाही.

“वाजवतो,” तो म्हणाला.