हॉगन सरांनी ठेचलेल्या पुंगळ्या

हॉगन सरांनी आमच्या गावच्या शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवलं. एक डोळा काचेचा, पण मी फळी जराशी तिरकी कापली तरी मागून आवाज यायचा, "लॉर्ना, खुर्ची करतेयस की घसरगुंडी?" तो डोळा घोड्याच्या लाथेने गेला, हे मोन्टानाच्या या कोपऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर सर गॅरेजमध्ये अर्ध्या गावाची काडतुसं पुन्हा भरून द्यायला लागले. पैसे घेत नसत. अट एकच, उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी परत आणून दाखवायची.

वसंतात माझा नवरा लायल गेला. त्याच्या आजोबांची बंदूक मागे राहिली. तिची काडतुसं दुकानात मिळेनाशी होऊन जमाना झाला होता. घरात अठरा जुन्या पुंगळ्या होत्या, त्यातल्या चारांच्या माना, म्हणजे गोळी बसते ती तोंडं, तडकलेली. सव्वीस वर्षं आम्ही दोघं त्याच डोंगरउतारावर हरणाच्या शिकारीला गेलो. यंदा त्याच बंदुकीने जायचं, असं मी ठरवलं होतं. हा हंगाम चुकला असता तर मी पुन्हा कधीच डोंगर चढले नसते.

पुंगळी वारंवार वापरली की तिची मान कडक होते आणि तडकते. तापवली की मऊ पडते. एवढं मला लायलमुळे माहीत होतं, आणि एवढंच माहीत होतं. मी धडक्या चौदा पुंगळ्या केकच्या भांड्यात उभ्या केल्या, लायलचा डागकामाचा गॅसबर्नर पेटवला आणि सगळ्या बुडापर्यंत लालबुंद केल्या. मग मोठ्या ऐटीत सरांकडे घेऊन गेले.

सरांनी एक उचलून दिव्याखाली धरली. "बूडसुद्धा तापवलंस?"

"म्हटलं, करायचं तर नीट करावं."

त्यांनी ती खाली ठेवली. पक्कड घेतली आणि एकेक पुंगळी चेपायला लागले.

"सर! लायलच्या आहेत त्या! वेड लागलंय का तुम्हाला?"

"ओरड हवं तेवढं," ते म्हणाले आणि चौदावीही चेपली. "मान मऊ हवी, बूड कडकच हवं. बार उडतो तेव्हा तुझ्या तोंडासमोर तेवढंच तर असतं. ते फुटलं तर जाळ मागे येतो. बस आता."

मी रागारागाने चेपलेल्या पुंगळ्या गोळा केल्या आणि बसले.

सरांनी फळीवरून दुसऱ्याच पुंगळ्या काढल्या. इथे घरोघरच्या बंदुकांना लागतात त्या, जरा रुंद मानेच्या. त्यांनी मेणबत्ती लावली, पुंगळीचं बूड उघड्या चिमटीत धरलं आणि मान ज्योतीवर गोल गोल फिरवली. बोटांना चटका बसताच ओल्या टॉवेलवर टाकली.

"हातमोजा घाला की!"

"मग कळणार कसं? बोटांना सोसवेना की थांबायचं. बुडापर्यंत धग जातच नाही."

मग मानेला तेलाचा हात लावून ती साच्यात दाबली, लायलच्या बंदुकीच्या मापाला बारीक केली. पहिल्या दोन चुरगळल्या. "तुझ्या पहिल्या स्टुलाची आठवण झाली," सर म्हणाले. मला नको असताना हसू आलं. संध्याकाळपर्यंत बारा भरूनही झाल्या.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मी त्या उतारावर एकच बार काढला. हरीण जागीच पडलं. बर्फात बसून मी पोटभर रडले आणि मला खूप हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हरणाच्या पाठीचं कोवळं मांस आणि ती पुंगळी घेऊन सरांकडे गेले. त्यांनी मानेवरून नख फिरवलं. तडा नव्हता.

"सर, त्या दिवशी मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. त्या चेपल्या नसत्या तर..."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या पुंगळ्या चेपायला कुणी नव्हतं. मीही बुडापर्यंत लाल केल्या होत्या."

मला कळायला क्षण लागला. "आणि घोडा?"

"घोडा बिचारा गुणी होता. लाज वाटली, म्हणून त्याच्यावर ढकललं. चाळीस वर्षं झाली. हे पहिल्यांदा तुलाच सांगतोय."

मी त्यांचा हात हातात घेतला. बोटांवर माझ्या पुंगळ्यांचे चटके अजून होते.  माझे दोन्ही डोळे शाबूत होते, आणि दोन्ही भरून आले होते.