वसुधाबाईंची गोलकीपर

नागपूरच्या एका महिला महाविद्यालयात मुलींचा पहिला फुटबॉल संघ उभा केला तो वसुधाबाईंनी. तेव्हा मुलींनी खेळायचं म्हणजे फार तर खो-खो. अर्ध्या चड्डीत पोरी पळवणारी बाई म्हणून लोकांनी नावं ठेवली. मैदान शेजारच्या कॉलेजचं, तेही मिळायचं तिथल्या मुलांचा सराव आटोपल्यावर, उरल्यासुरल्या उजेडात. बाई बधल्या नाहीत. घरोघरी जाऊन आयांशेजारी बसल्या, एकेक पोर अक्षरशः मागून आणली.

त्यातलीच प्रभा. सुरुवातीला चेंडू अंगावर आला की डोळे गच्च मिटायची. पुढे अशी गोलकीपर झाली, की समोरच्या संघाला घाम फुटायचा. निवृत्त होताना बाईंनी संघ तिच्याच हाती दिला.

२०२०च्या सुरुवातीला, यजमान गेल्यावर, मुलगा गिरीश बाईंना आयर्लंडला घेऊन आला. तो तिथल्या ड्रोहेडा गावात डॉक्टर. बाई आल्या होत्या उन्हाळ्यापुरत्या. विमानं बंद झाली आणि तिथेच अडकल्या. घरामागच्या ओल्या गवतात नात स्मृतीला चेंडू अडवायला शिकवायच्या, आणि रोज प्रभाला फोन करायच्या.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये फोनवर प्रभाची धाप ऐकू आली.

"काय करून राहिली तू? केवढा दम लागतोय!"

"पोरींच्या घरी डबे पोचवून राहिली होती, बाई. अर्धा संघ कोरोनानं झोपला."

"आणि तू?"

प्रभा नुसतीच खोकली.

गिरीशनं नागपुरातल्या वर्गमित्रांना फोन लावले. कुठल्याच दवाखान्यात खाट नव्हती. कशीबशी एक मिळाली, तोवर उशीर झाला होता. तिथून प्रभानं एकदाच फोन केला.

"बाई, तुम्ही कधी येता?"

"येते गं. तू बोलू नको. श्वास घे."

दुसऱ्या दिवशी ती गेली. गिरीशनं अंगातला कोटही न काढता सांगितलं. बाई म्हणाल्या,

"तू इथे रोज माणसं वाचवतोस ना रे?"

गिरीश जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. "इथेही सगळी वाचत नाहीत, आई," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. बाईंनी त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्यांना स्वतःला मात्र रडू येईना.

महिनाअखेरीस ड्रोहेडात टाळेबंदीनं थांबलेले लहान मुलांचे सराव पुन्हा सुरू झाले. आईला जरा बरं वाटेल म्हणून गिरीश त्यांना स्मृतीच्या क्लबच्या मैदानावर घेऊन गेला. कुंपणापाशी बाई उभ्या राहिल्या. गोलमध्ये स्मृती होती. चेंडू आला तशी तिनं उजवीकडे झेप घेतली, चेंडू छातीशी घट्ट धरला आणि चिखलानं माखलेलं तोंड वर करून ओरडली, "आजी, डिड यू सी दॅट?"

बाईंनी हात वर केला. तो तसाच तोंडावर आला.

"घरी चल," त्या गिरीशला म्हणाल्या. गाडीत बसल्यावर हुंदका फुटला, तो घर आलं तरी थांबला नाही.

नोव्हेंबरात त्या नागपूरला परतल्या. संघातल्या मुली भेटायला आल्या, मैदानावर चला म्हणाल्या. बाईंनी त्यांना चहा पाजला, एकेकीची चौकशी केली. मैदानावर मात्र त्या गेल्या नाहीत.